मेंढीकोट कुठून आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या लाकडी पेटीत पत्त्यांचा एक जुना कॅट सापडला. त्याच्या कोपऱ्यांवर आकडे नाहीत आणि इस्पिकच्या एक्क्यावर भलीमोठी नक्षी आहे. घरात तीन पिढ्या मेंढीकोट खेळतात. काका म्हणतात हा खेळ गंजिफेतून, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांच्या खेळातून निघाला, तर पुण्यात शिकणारी बहीण म्हणते ही इंग्रजांच्या व्हिस्ट नावाच्या पत्त्यांच्या खेळाची नक्कल आहे. यात खरं काय, आणि हा कॅट किती जुना असेल?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात 42 वर्षं मेंढीकोट खेळतो आहे. गेली पंधरा-सोळा वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या पोरांना मारोतीच्या पारावर बसून शिकवतोही. मला हा खेळ शिकवला मोठ्या बाबांनी, जागलीवर. ज्वारी हुरड्यात आली की रात्री वावरात राखणीला जायचं. घोंगडी अंथरायची, कंदील मधोमध ठेवायचा आणि सालदार, शेजारच्या वावरातला एक गडी, मोठे बाबा आणि मी असे चौघं बसायचो. पहिल्याच रात्री मी घाईघाईत दश्शी टाकली आणि मोठे बाबा ओरडले, "अबे, मेंढी काऊन सोडली? हुकूम अजून बाहीर हाये ना!" मेंढी, हुकूम, कोट हे शब्द त्या रात्रीपासून माझ्या कानात आहेत, आणि हा खेळ कुठून आला हे पुढे मला या शब्दांनीच सांगितलं. मेंढीकोट अमक्याने अमक्या साली काढला असं सांगणारा कागद नाही. पण खेळाचे नियम आणि बोली हेच त्याचे कागद आहेत, आणि ते वाचता येतात.

म्हणून आधी खेळ मांडतो. चौघं खेळतात, समोरासमोरचे भिडू. 52 पानं, प्रत्येकाला 13. फेरीतलं पहिलं पान म्हणजे उतारी. तिचा रंग जवळ असेल तर तोच टाकावा लागतो, नसेल तर हुकमाने, म्हणजे त्या डावात बाकी रंगांना मारणाऱ्या रंगाने, मारता येतं. फेरीची चार पानं जिंकली की तो एक हात. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन किंवा चार मेंढ्या ज्या बाजूला गेल्या, डाव त्या बाजूचा. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात किंवा जास्त हात, ते जिंकले. हात तेरा असल्यामुळे तिथे बरोबरी होऊच शकत नाही. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या की मेंढीकोट. आणि तेराही हात एकाच बाजूने ओढले तर बावन्न पानांचा कोट. तो ज्याच्यावर बसतो त्याला गावात पुढच्या पोळ्यापर्यंत आठवण करून दिली जाते.

आता कॅटकडे पाहू. चार रंग आणि प्रत्येकाची तेरा पानं ही मांडणी इंग्रजांची नाही. ती त्यांच्याही आधीची आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातला हातांनी रंगवलेला एक कॅट आहे. लिओ मेयर या अभ्यासकाला तो 1931 साली सापडला. त्यातले रंग चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे आहेत. प्रत्येक रंगात दहा आकडी पानं, शिवाय राजा, त्याचा नायब आणि दुसरा नायब. म्हणजे तेरा चोक बावन्न. युरोपात पत्ते पोचले ते 1370 च्या दशकात. 1377 साली योहानेस नावाच्या एका जर्मन धर्मगुरूने लिहून ठेवलं आहे की हा खेळ आपल्याकडे याच वर्षी आला, आणि त्याने वर्णन केलेल्या कॅटमध्ये चार रंग व 52 पानंच आहेत. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये पत्त्यांवर बंदीही आली. स्पेनमध्ये पत्त्यांना 'नाइपेस' म्हणतात. तो शब्द त्या 'नायब'वरून आला असं मानतात, आणि तोच नायब आपल्या नायब तहसीलदारातही आहे.

बदाम, चौकट, किलवर, इस्पिक ही आजची चिन्हं मात्र फ्रान्सची, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ती जगभर पसरली याचं कारण सौंदर्य नसून खर्च होता. लाल आणि काळी अशा दोनच शाया आणि साधे आकार असल्यामुळे साच्यावरून भराभर छापता यायचं. तलवारी आणि चषक रंगवत बसण्यापेक्षा हे फार स्वस्त पडे. स्वस्त कॅट झाला म्हणूनच तो सरदाराच्या दिवाणखान्यातून निघून शेतमजुराच्या घोंगडीपर्यंत येऊ शकला. कंदिलाच्या उजेडातही लाल-काळं चटकन ओळखू येतं, हे मी जागलीवर अनुभवलं आहे.

आणि राणी. मामलुक कॅटमध्ये राणी नाही. गंजिफेतही नाही, तिथे राजा आणि प्रधान. राणी आली ती युरोपातच. म्हणून ज्या खेळात राजा, राणी, गुलाम अशी उतरंड आहे, तो खेळ युरोपीय कॅटवर उभा आहे हे डोळे झाकून सांगता येतं. गुलाम हाही तिकडच्याच चाकराचं भाषांतर आहे.

आता काकांची बाजू. गंजिफा आपल्याकडे इंग्रजांच्या पुष्कळ आधी होती. 1527 साली बाबराने सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफेची पानं पाठवली, अशी नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीत अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या, 144 पानांच्या गंजिफेचं वर्णन आहे. याच आईनमध्ये आपल्या वऱ्हाड सुभ्याचाही सविस्तर हिशेब आहे, एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर धरून. ज्या ग्रंथात आपल्या परगण्यांचा महसूल लिहिला, त्याच ग्रंथात पत्त्यांचं वर्णनही लिहिलं गेलं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एका रात्रीत ते प्रकरण दोनदा वाचलं.

महाराष्ट्रात मुरली ती दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. सावंतवाडीचे चितारी ती गोल पानं लाखेचं काम करून रंगवत आले. ही कला विझत आली असताना 1970 च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभं केलं. गंजिफेत एक विलक्षण गोष्ट आहे. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दहापासून एक्क्यापर्यंत उतरतं बळ, आणि उरलेल्या पाच रंगांत उलटं: एक्का मोठा, दश्शी सगळ्यात लहान. हे लक्षात ठेवून 120 पानांचा हिशेब डोक्यात बाळगणाऱ्या त्या खेळाडूंपुढे मी मान तुकवतो.

पण मेंढीकोट गंजिफेतून निघाला नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण हुकूम. गंजिफेत हुकूम नाही. उतारीच्या रंगातलं मोठं पान हात नेतं, बाकी सगळी पानं वाया. दुसऱ्या रंगाची दुर्री उठून राजाला मारते हा विचारच तिथे नाही. तो विचार निघाला पंधराव्या शतकात युरोपात. उत्तर इटलीत 1440 च्या सुमारास नेहमीच्या कॅटमध्ये जास्तीची चित्रांची पानं घातली गेली, जी कुठल्याही रंगाला मारायची. त्यांना 'त्रियोंफी' म्हणत आणि त्यावरूनच इंग्रजीतला 'ट्रम्प' शब्द आला. पुढे जास्तीची पानं न घालता चारपैकीच एका रंगाला हा मान देऊ लागले. इंग्लंडात याच वाटेने व्हिस्ट तयार झाला, आणि 1742 साली एडमंड हॉइलने त्यावर पुस्तिका लिहिल्यावर तो घरोघर गेला. चौघं, समोरासमोर भिडू, 13-13 पानं, उतारीचा रंग पाळणं, हुकमाने मारणं हा व्हिस्टचा सगळा सांगाडा मेंढीकोटमध्ये जसाच्या तसा आहे. तेव्हा तुमच्या बहिणीचं म्हणणं सांगाड्यापुरतं बरोबर आहे. गंजिफा ही मेंढीकोटची आई नव्हे, मावशी. तिने या मातीत हात करण्याची, उतारीची आणि पान लक्षात ठेवण्याची सवय आधीच लावून ठेवली होती, म्हणून नवा कॅट आला तेव्हा लोकांना तो परका वाटला नाही.

मात्र नक्कल म्हणणं मला मान्य नाही. व्हिस्टमध्ये वाटणाऱ्याचं शेवटचं पान उघडं करायचं आणि त्याचा रंग हुकूम धरायचा, असा सरळ मामला होता. आपल्याकडे हुकूम असा फुकट मिळत नाही. बंद हुकमात एकजण आपलं एक पान पालथं ठेवतो आणि अडल्यावरच ते उघडलं जातं. दुसऱ्या पद्धतीत तर हुकूम आधी ठरतच नाही. ज्याला पहिल्यांदा उतारीचा रंग देता आला नाही, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. यामुळे डावाचा पहिला भाग आंधळा चालतो. आपल्या हातात एखाद्या रंगाचं एकच पान असेल तर ते लवकर काढून टाकायचं आणि हुकूम ठरवण्याची संधी आपल्याकडे ओढायची, की भिडूची वाट पाहायची? माझ्या पाहण्यात चांगला खेळाडू आणि साधा खेळाडू यांतला फरक पहिल्या चार हातांतच कळतो, हुकूम निघायच्या आधी.

आणि दश्शी. खरा मुद्दा हा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. दश्शीला मोल देणारे खेळ युरोपातही आहेत. जर्मनीचा स्काट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आल्टेनबुर्ग गावी तो तयार झाला. त्यात दश्शीचे दहा गुण असतात, पण तिथे ती बळानेही एक्क्याच्या खालोखाल असते. तीनशे चार नावाच्या खेळातही दश्शीचे दहा गुण आहेत, पण एक्का, नव्वी आणि गुलाम तिच्यावर आहेत, आणि तिथली सगळी गंमत गुलाम-नव्वीभोवती फिरते. मेंढीकोटमध्ये दश्शीचं मोल सर्वांत जास्त आणि बळ मात्र जागच्या जागीच राहिलं. एक्का, राजा, राणी, गुलाम ही चार पानं तिच्या डोक्यावर आहेत. ती स्वतःच्या बळावर क्वचितच हात नेते. तिला सुरक्षित न्यायचं तर समोरचा भिडू हात नेतो आहे याची खात्री झाल्यावर त्या हातात ती घालावी लागते. म्हणजे आपल्याकडची सगळ्यात मोलाची चीज दुसऱ्याच्या ताकदीवर सोपवायची. पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो: एक्का स्वतःसाठी खेळू नका, भिडूच्या मेंढीसाठी खेळा. एक्का काढला की समोर पाहा, तो मेंढी टाकतो का. त्याने टाकली नाही तर त्या रंगाची मेंढी त्याच्याकडे नाही, असं धरून पुढचा डाव आखा. हा एक निष्कर्ष ज्याला पहिल्याच फेरीत काढता आला, तो पोरगा महिनाभरात मोठ्यांना जड जातो.

मग तिला मेंढी का म्हणतात? आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात की धनगर जसा मेंढ्या वाड्यात कोंडतो, तशा चार मेंढ्या कोटात घालायच्या, म्हणून मेंढीकोट. गोष्ट गोड आहे, पण शब्दाचा उगम म्हणून मला पटत नाही. एक तर कोट हा शब्द मेंढ्यांशिवायही आहे. उत्तरेकडच्या कोर्ट पीस नावाच्या हुकमाच्या खेळात सगळे हात जिंकण्याला कोटच म्हणतात. दुसरं असं की हाच खेळ गुजरातेत 'मिंडी' नावाने चालतो, आणि गुजरातीत मींडुं म्हणजे शून्य. मारवाडी बोलीतही मिंडी म्हणजे शून्य, ठिपका. 52 पानांत कोपऱ्यावर शून्य असलेलं पान कोणतं? फक्त दश्शी. मिंडीवाली पानं चार, ती सगळी जिंकली की मिंडीकोट. मराठी जिभेने त्या अनोळखी मिंडीची ओळखीची मेंढी केली असावी. हा माझा तर्क आहे, आणि पत्त्यांच्या इतिहासाशी तो जुळतो. कोपऱ्यांवर आकडे छापणं सर्रास झालं ते साधारण 1870 च्या नंतर. आणि तोच काळ वऱ्हाडात कापसाच्या तेजीचा.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. कामठीला फौजेची छावणी 1821 पासूनच होती. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली, 1870 ला खामगावच्या कापूस बाजाराचं आणि तिथल्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन लॉर्ड मेयोने केलं. जिनिंग निघाले, दलाल आले, मारवाडी आणि गुजराती पेढ्या गावोगावी बसल्या. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, रात्रभर बाजारात रांगेत उभ्या असत. आपला नंबर येईपर्यंत काय करायचं? व्हिस्टचा सांगाडा छावणीतून आणि रेल्वेच्या बाबूंकडून आला असेल, मिंडी पेढीवरून, आणि हे सगळं जुळलं असेल बंड्यांच्या रांगेत, असं मला वाटतं. हुकूम हा अरबी शब्द तर त्याच्याही आधीपासून इथल्या कचेऱ्यांत रुळलेला होता. एका डावात आपण अरबी हुकूम बोलतो, फ्रेंच बदाम टाकतो आणि गुजराती शून्य जिंकतो. नागपूरकडे गेलात तर हिंदीच्या शेजारामुळे इस्पिकलाच हुकूम म्हणणारे भेटतात, तिथे खेळायला बसण्याआधी हे विचारून घ्या. माझा एक डाव त्या गोंधळात गेला आहे.

रमी आणि तीनपत्तीबद्दल दोन वाक्यं, कारण पोरं नेहमी विचारतात. रमीच्या कुळातला सगळ्यात जुना नोंदलेला खेळ कॉन्क्वियन, एकोणिसाव्या शतकातला, मेक्सिको आणि अमेरिकेच्या सरहद्दीकडचा. तीनपत्ती इंग्रजांच्या ब्रॅग नावाच्या खेळावरून आली. रमीत कौशल्याचा भाग मुख्य आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली प्रसिद्ध झालेल्या सत्यनारायण खटल्याच्या निकालात म्हटलं, पण मोबाइलवर पैसे लावून खेळण्यावर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. आमच्या पारावर मेंढीकोट कधीच पैशांवर खेळला गेला नाही. हरलेल्या बाजूने पिसायचं आणि वाटायचं, एवढीच शिक्षा. सतत पिसत बसावं लागणं किती झोंबतं, हे ज्याच्यावर लागोपाठ तीन कोट बसले त्याला विचारा. तरीही घरात पत्ते काढले की "पत्ते कुटत बसले" म्हणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सहा जण असले तर चारही दुर्र्या काढून 48 पानांत खेळ बसतो, प्रत्येकाला आठ. आजी, सुना, पोरं एकाच सतरंजीवर बसतात, आणि कोजागिरीच्या रात्री दूध आटेपर्यंत याहून चांगला वेळ जात नाही.

आता तुमचा कॅट. आकडे नसणं हा जुनेपणाचा चांगला पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही, कारण 1870 नंतरही काही वर्षं बिनआकड्यांचे कॅट छापले जात होते. राजा-राणीची चित्रं पाहा. वर-खाली दोन्हीकडे तोंड असेल तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. पायापर्यंत उभी एकच आकृती असेल तर त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी. पानांचे कोपरे टोकदार आहेत की गोल केलेले, तेही बघा. गोल कोपरे उशिरा आले. पाठ कोरी पांढरी असेल तर आणखी जुना. इस्पिकच्या एक्क्यावरची नक्षी शोभेसाठी नव्हती. इंग्लंडात 1711 पासून पत्त्यांवर जादा कर होता, आणि तो भरल्याची खूण म्हणून 1765 पासून हा एक्का सरकारच छापून देई. नक्कल करणं अवघड जावं म्हणून इतकी गुंतागुंतीची वेलबुट्टी. 1862 नंतर कारखान्यांना आपापला एक्का छापायची मोकळीक मिळाली, तो कर पूर्ण गेला 1960 मध्ये, पण नक्षी राहिली. तेव्हा भिंग घेऊन एक्क्यावरची बारीक अक्षरं वाचा. कराची रक्कम लिहिली आहे, परदेशी पाठवण्यासाठी असं काही लिहिलं आहे, की नुसतं कारखान्याचं नाव? बेल्जियममधल्या टुर्नहाउट गावचे कारखानेही हिंदुस्थानात पुष्कळ कॅट पाठवत, त्यामुळे गावाचं नाव दिसलं तर ते आधी टिपून ठेवा.

पानं ओल्या फडक्याने पुसू नका, थर सुटतात. कोरड्या मऊ कापडाने हलकेच झटका आणि पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. मग चारही दश्श्या वेगळ्या काढून इतर पानांच्या शेजारी ठेवा. त्यांच्या कडा जास्त झिजलेल्या, बोटांच्या मळाने काळवंडलेल्या असतील, तर तुमच्या आजोबांच्या आधीही त्या कॅटवर मेंढीकोट खेळला गेला असावा. कारण मेंढी हातात आली की माणूस ती पुनःपुन्हा चाचपतो.